पुंजाजीची रूळगाडी

तेल्हाऱ्याला एका लग्नाला गेलो होतो. या वयात लग्नाला जायचं म्हणजे पंगतीत आधी बसवतात आणि मग संध्याकाळपर्यंत कुणी विचारत नाही, एवढाच काय तो मान. जेवण झाल्यावर मागच्या विहिरीवर हात धुवायला गेलो, तर मोटेच्या चाकाखाली लाकडाऐवजी एक लोखंडी पट्टी आडवी टाकलेली. बारीक, गंजलेली, कडेला खिळ्यांची भोकं. मी पाहतच राहिलो. यजमान मागे तांब्या घेऊन उभे होते. म्हणाले, "जुनं भंगार हाय बाबूजी. अमरावतीच्या लिलावातून आमच्या बापानं आनलं होतं."

भंगार! अहो, त्या भंगारावरून मी दोन वर्षं रोज नोकरीला गेलो. यजमानांना तसं म्हणालोही, जरा चढ्या आवाजातच. ते बिचारे ओशाळले. मी हात तसाच खरकटा ठेवून त्या पट्टीवर फिरवून पाहिला आणि मला पुंजाजी आठवला. तेव्हापासून आठवतोच आहे. म्हणून आज अकोल्याला, जुन्या शहरात मोर्णा नदीच्या बाजूच्या ओसरीवर बसून हे लिहायला घेतलं. मी नाही लिहिलं तर कोण लिहिणार? त्या गाडीत बसलेलं आता कुणी उरलंय असं मला वाटत नाही.

रूळगाडीचं सांगू लागलो की लोक समजतात म्हाताऱ्याला चळ लागला. म्हणून आधी तिची हकीकत सांगतो. मी बडनेऱ्याच्या स्टेशनात नवा मालबाबू लागलो तेव्हा अमरावतीला आगगाडी नव्हती. ती मुंबईहून अकोल्यावरून बडनेऱ्याला यायची आणि अमरावतीला बाजूला टाकून पुढे निघून जायची. अमेरिकेतल्या लढाईने तिकडचा कापूस विलायतेला जायचा थांबला होता. ती लढाई संपली, पण तिच्यामुळे वऱ्हाडाला लागलेली कापसाची हाव काही संपली नव्हती. सगळा कापूस अमरावतीत आणि स्टेशन तीन कोसांवर! पावसाळ्यात काळ्या मातीत गाड्यांची चाकं अर्धी-अर्धी रुतायची. तेव्हा कापसाच्या एका गोऱ्या व्यापाऱ्याने अमरावतीच्या कापूसबाजारापासून बडनेऱ्यापर्यंत बारीक रूळ टाकले, त्यांवर लाकडी डबे ठेवले आणि ओढायला बैल जुंपले. इंजिन नाही, शिटी नाही, धूर नाही. सकाळी कापसाच्या गठाणी घेऊन बडनेऱ्याला, संध्याकाळी रिकामे डबे घेऊन परत. माणसं न्यायचा त्या साहेबाचा काही विचार नव्हता. आम्हीच मागच्या सपाट डब्यावर चढून बसलो. आधी दोघे, मग चौघे, मग रोजचे चौदा. कुणी सरकी वेचायला जाणाऱ्या बाया, कुणी कापूस तोलणारे तोलारी, कुणी गठाणी शिवणारे, आणि अमरावतीत बिऱ्हाड असलेला एक मी. साहेबाने महिनाभर आरडाओरड केली आणि मग माणशी काहीतरी आकारणी लावून मोकळा झाला.

त्या गाडीचा हाक्या पुंजाजी.

माणूस उंच, वाळका, मिशा पांढऱ्या आणि पागोटं कायम एका कानावर उतरलेलं. बैल त्याचे स्वतःचे, हिरा आणि पाखऱ्या. त्याची रीत अशी उफराटी की माणसांना तो अरेतुरे करी आणि बैलांना अहोजाहो. "चाला हिराजी, पाय उचला. पाखराजी, तुमी काहून रुसून राह्यले?" त्याच्या हातात काठी असायची, पण ती मी कधी बैलाच्या पाठीवर पडलेली पाहिली नाही. ती तो आमच्यासाठी वापरायचा. निघायच्या आधी काठीचं टोक एकेकाकडे करून चौदा मोजायचा. एक जरी कमी असला तरी गाडी हलत नसे.

मी तरुण, नोकरी नवी, स्टेशनातल्या साहेबाची धास्ती. मी म्हणायचो, "पुंजाजी, उशीर होतो हो!"

तो शांतपणे तंबाखू मळत म्हणायचा, "रूळ काई पयून नाई चालले, बाबू."

पळून नाही चालले म्हणे! हे त्याचं ठरलेलं उत्तर. कुणी घाई केली की हेच. कुणाच्या घरी भांडण झालं, कुणाची सोयरीक मोडली, तरी तेच. पुढे पुढे आमच्या घरी माझी बायकोसुद्धा भाकरीला वेळ लागला की मला तेच ऐकवायची.

लोक पुंजाजीला वेडा म्हणत आणि त्याला कारण होतं. त्याची स्वतःची चांगली काळीभोर जमीन होती. कापसाने तेव्हा असे दिवस दाखवले होते की काल अनवाणी फिरणारे लोक बैलांच्या शिंगांना चांदीची टोपणं घालत होते. अशा दिवसांत या गृहस्थाने जमीन बटईने लावून दिली आणि परक्याच्या गठाणी ओढायला स्वतःचे बैल आणले. भावकीने तोंडात शेण घातलं. पुंजाजीने ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी बैल जुंपले.

याचा उलगडा मला पहिल्याच आठवड्यात झाला, तोही चिडचिड करताना. निम्म्या वाटेवर बोरखडी नावाचं वीस-पंचवीस घरांचं गाव होतं. तिथे ना बाजार ना धक्का. रुळाच्या कडेला एक हिवराचं झाड, बस्स. गाडी त्या झाडाखाली आली की उभी राहायची. पुंजाजीने ओढून धरायचीही गरज नसे, बैलच थांबायचे. मी करवादलो, "आता इथे काय आहे? कोण चढणार आहे?"

माझ्या शेजारी सगुणाबाई बसायची. बडनेऱ्याला सरकी वेचायला जाणारी, तोंडाने फटकळ आणि मनाने सोन्यासारखी. तिने माझ्या गुडघ्यावर चापट मारली. "चूप बसा ना बाबू! लेक येऊन राह्यली त्याची."

कपाशीच्या पऱ्हाट्यांच्या ओळीतून एक बाई भरभर येत होती. डोक्यावर पदर, कमरेला घागर. हीच पुंजाजीची गिरजा. एकुलती एक, आई लहानपणीच गेलेली. बोरखडीला दिली त्याला सहा वर्षं झाली होती आणि तिच्या पोटी मूल नव्हतं. सासूने दिवाळीलाही माहेरी पाठवणं बंद केलं होतं. "रिकाम्या वटीनं माहेर कायले पाह्यजे?" असं ती चारचौघांत म्हणायची. आणि इकडे पुंजाजीच्या घराण्याची रीत अशी, की लेकीला पहिलं मूल होईपर्यंत बापाने तिच्या घरचं अन्नपाणी घ्यायचं नाही. अन्नपाणी नाही म्हणजे उंबरा नाही. लेक येऊ शकत नाही, बाप जाऊ शकत नाही. सहा वर्षांत दोघांची भेट किती वेळा झाली ते सगुणाबाईने मला एका हाताच्या बोटांवर दाखवलं. मग या बारीक रुळांची आखणी बोरखडीच्या शिवेवरून झाली, आणि पुंजाजी दुसऱ्याच दिवशी बैल घेऊन साहेबापुढे उभा राहिला.

काय बोलायचे दोघं? चौदा माणसं कान देऊन बसलेली असायची, आणि बोलणं एवढंच.

"जेवली काय वं?"

"हव. तुमी?"

"मी बी."

मग पुंजाजी पागोट्यातून काहीतरी काढायचा. कधी हरभऱ्याचा घाटा, कधी फणी, कधी चार बोरं. ती घ्यायची. ती कधी काही पुढे करायची नाही, कारण तो घेणार नाही हे तिला माहीत. मग "चाला हिराजी." गाडी पुढे निघाली तरी ती हिवराखाली उभीच असायची. संध्याकाळी परतताना पुन्हा तेच, "जेवली काय वं?" सांगतो, त्या तीन वाक्यांसाठी रोज उशीर होत होता आणि महिन्याभरात मला त्याचा राग येईनासा झाला. उलट एखाद्या दिवशी गिरजा दिसली नाही तर माझंच कामात लक्ष लागायचं नाही.

पाण्याचा प्रसंग उन्हाळ्यातला. वैशाखातलं वऱ्हाडी ऊन म्हणजे काय ते पुण्याकडच्या माणसाला सांगून कळायचं नाही. रुळांना हात लावला तर फोड यायचा. पुंजाजीची सुरई एकदा डब्यावरून पडून फुटली. बोरखडीला पोचेपर्यंत त्याचे ओठ पांढरे पडले होते. गिरजा समोर उभी, कमरेला भरली घागर. तिने ते पाहिलं. हा गडी मान फिरवून बैलांना पाणी पाजा म्हणाला. म्हणजे बैलांनी तिच्या हातचं प्यायलं तर चालतं! बैल घटाघटा प्यायले आणि हा कोरडा उभा.

सगुणाबाईला राहवेना. तिने हळूच आपला तांब्या घागरीखाली धरला आणि गाडी फर्लांगभर पुढे गेल्यावर म्हणाली, "घ्या पुंजाजी, माह्या घरून आनलेलं हाय."

पुंजाजीने तांब्या उचलला, एक घोट तोंडात घेतला आणि थांबला. त्या गावाला एकच विहीर होती आणि तिचं पाणी खारं होतं, पार जिभेला चिकटणारं. ते पाणी त्याने कधी प्यायलं नव्हतं. पण लग्न जमवताना, पोरीला खाऱ्या पाण्याच्या गावात देतोस म्हणून त्याला सगळ्यांनी बोल लावला होता, ते तो विसरला नव्हता. त्याने तो घोट रुळाच्या कडेला टाकला. तांब्या पदराने पुसावा तसा पागोट्याच्या टोकाने पुसून परत दिला.

"काहून असं करता?" सगुणाबाई रडकुंडीला आली. "मरान ना एखाद्या दिवशी!"

तो म्हणाला, "मी पेलो तं तिची सासू म्हनन, हिच्या बापानं आसच सोडली. पोरगं होनार नाई असं त्यानंच ठरोलं. मंग तिनं कोनाच्या तोंडाकडं पाहावं?"

तेव्हा मला कळलं. मी तोवर समजत होतो की हा रीतीचा आंधळा माणूस आहे. तो पाणी पीत नव्हता ते लेकीसाठी. पाणी न पिणं हेच त्याचं गावाला सांगणं होतं, की माझी पोर आई होणार आहे, मी वाट पाहतोय. सगुणाबाईशी तो चार दिवस बोलला नाही. पाचव्या दिवशी तिने त्याच्यासाठी नवी सुरई आणली, आणि तो हसला.

दुसरा प्रसंग मुनिमाचा. गाडीला रोज उशीर का होतो हे पाहायला साहेबाने आपला मुनीम पाठवला. गोलमटोल माणूस, छत्री घेऊन आमच्यातच येऊन बसला. बोरखडी जवळ येऊ लागली तशी पुंजाजीची मान खाली गेली. मुनिमासमोर थांबावं तर चाकरी जाणार आणि चाकरी गेली तर लेक गेली. तो बैलांना पुढे काढू पाहत होता. पण बैल कसले ऐकतात? हिवराखाली आले आणि झाले उभे.

"काहून थांबली बे गाडी?" मुनीम ओरडला.

पुंजाजी बैलांचं जू चाचपत राहिला. आणि मग, देवाशपथ सांगतो, मी कसा उठलो मला कळलं नाही. मी जन्माचा भित्रा. पण मी टुणकन खाली उडी मारली आणि म्हणालो, "माझं काम आहे बोरखडीत." लगेच सगुणाबाई उतरली, "मले मिरच्या घ्याच्या हायेत." मग तोलारी उतरला, त्याला म्हणे बोरखडीच्या वैदूकडून दाढेचं औषध हवं होतं. एकामागून एक चौदाच्या चौदा माणसं खाली! मुनीम एकटा डब्यावर छत्री धरून बसलेला. त्याने आमच्याकडे पाहिलं, झाडाखाली पदर सावरून उभ्या असलेल्या गिरजेकडे पाहिलं, पुंजाजीकडे पाहिलं. मूर्ख नव्हता तो. खाकरून म्हणाला, "एवढे उतारू हायेत तं इथं खांब पाह्यजे." आणि आठवड्याभरात हिवराखाली चुना लावलेला एक खांब उभा राहिला. बोरखडीचा थांबा पक्का झाला! त्या दिवशी पुंजाजीने खांबाला हळदकुंकू लावलं.

इथवर सांगताना बरं वाटत होतं. पुढचं माझ्याबद्दलचं आहे आणि ते मी आजवर कुणाला सांगितलं नाही.

कापसाचे भाव कोसळले. चांदीची टोपणं शिंगांवरून उतरली. गोरा व्यापारी गाशा गुंडाळायच्या बेतात होता, आणि तेवढ्यात बडनेऱ्याहून अमरावतीला खरी आगगाडी न्यायचं ठरलं. मी स्टेशनातला माणूस, मला आधी कळलं. खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला. दोन तासांची वाट अर्ध्या तासात होणार. त्याच भरात मी ते गाडीत सगळ्यांना सांगितलं. बाया खूश झाल्या. पुंजाजी पाठमोरा होता. त्याने मान वळवली.

"बाबू, थे इंजन बोरखडीले थांबन काय?"

एवढा साधा प्रश्न आणि माझ्या डोक्यात आलाच नव्हता. मध्ये कुठेच थांबणार नाही, हे मला पक्कं माहीत होतं.

"तुमी तुमच्या सायबाले पुसून पाहा ना," तो पहिल्यांदाच मला अहोजाहो करत म्हणाला. "तुमी लेहू शकता. एक कागद लेहा. निस्तं पानी पेवापुरतं थांबलं तरी चालन मनावं."

दोन वर्षांत त्याने कुणाकडे काही मागितलेलं मी पाहिलं नव्हतं. मी म्हणालो, "विचारतो."

मी विचारलं नाही. तीन वेळा कागद पुढे घेतला. बाप-लेकीच्या भेटीसाठी आगगाडी थांबवा, असं साहेबाला इंग्रजीत कसं लिहायचं? हसतील, असं वाटलं. नव्या नोकरीत वाकडं पाऊल नको, असंही वाटलं. मुनिमासमोर ज्याने उडी मारली होती तो माणूस टेबलाशी बसल्यावर कुठे गेला होता देव जाणे. पंधरा दिवसांनी पुंजाजीला सांगितलं, "विचारलं मी. नाही म्हणाले."

"पुसलं ना तुमी? मंग झालं," तो म्हणाला. वर आणि, "तुमाले तरास झाला." हे शब्द मला आजही झोंबतात. साहेब नाहीच म्हणाला असता, हे मला तेव्हाही ठाऊक होतं. पण पुंजाजीचा कागद गेलाच नाही, त्याचं काय?

शेवटची खेप संध्याकाळची, परतीची होती. आमच्या मागोमाग मजूर रूळ उखडत येत होते आणि घणांचा आवाज बोरखडीपर्यंत ऐकू येत होता. बैल थांबले. गिरजा आधीच खांबाशी उभी होती. आज तिच्या हातात घागर नव्हती, घासून लखलखीत केलेला तांब्या होता.

"जेवली काय वं?"

तिने तांब्या पुढे केला. पुंजाजीने दोन्ही हातांनी तो धरला. सगुणाबाईने माझं मनगट इतकं आवळलं की दुखलं. तो पितो आहे असं आम्हा सगळ्यांना वाटलं. पण त्याने तांब्या कपाळाला लावला आणि तिच्या हातात परत दिला.

"पेईन," तो म्हणाला. "तुह्या हातचंच पेईन. त्या दिवशी."

"अन् नाई आला थो दिवस तं?"

"येईन ना वं. मी काई पयून नाई चाललो."

गाडी निघाली. मागे घण वाजत होते. बाजारात पोचल्यावर आम्ही उतरलो. पुंजाजीने त्या दिवशी उतरल्यावरही चौदा मोजले, बैलांचं जू सोडलं आणि मागे वळून पाहत मला म्हणाला, "रूळ पयाले, बाबू."

त्यानंतर माझी बदली अकोल्याला झाली. संसार वाढला. अमरावतीहून कुणी आलं की मी पुंजाजीची चौकशी करायचो. कुणी म्हणायचं तो शेतात असतो, कुणी म्हणायचं दर सोमवारी कुठेतरी पायी जातो. कुठे ते मला ठाऊक होतं. पण एका सोमवारी आपण जावं, भेटावं, त्या कागदाचं खरं सांगून टाकावं, हे माझ्याने झालं नाही. मनात असून झालं नाही.

पाच वर्षांनी पुतणीच्या बारशाला अमरावतीला निघालो. बडनेऱ्याला गाडी बदलली. नवी आगगाडी, वाट मात्र जुनीच, आणि डब्यात सगळे अनोळखी. कुणी भाव सांगतंय, कुणी पेंगतंय. मी खिडकी धरली. सकाळची वेळ होती आणि पऱ्हाटी फुटलेली, रान पांढरं झालं होतं. आपला थांबा ओळखू येईल का असं मी म्हणतोय, तोच तो हिवर दिसला. चुन्याचा खांब वाकडा झाला होता, पण होता.

आणि खांबाशी पुंजाजी होता.

उकिडवा बसलेला, पागोटं एका कानावर. शेजारी हिरा चरत होता. पाखऱ्या नव्हता. समोर गिरजा वाकली होती आणि तिच्या कमरेवर घागर नव्हती, मूल होतं. काजळ घातलेलं, टोपडं घातलेलं, चांगलं वर्षाचं मूल! ते तांब्याच्या धारेला हात घालायला धडपडत होतं, गिरजा हसत त्याला सावरत होती आणि तांब्यातून बापाच्या ओंजळीत पाणी ओतत होती. पुंजाजी पीत होता. कोपरांवरून पाणी गळत होतं.

मी उठून ओरडलो, "प्यायला! अहो, पुंजाजी पाणी प्यायला!"

डब्यातले लोक दचकले. एकाने विचारलं, "कोन? काय झालं?" काय सांगणार त्यांना? आमच्या गाडीत असतो तर चौदाच्या चौदा जणांनी खाली उड्या मारल्या असत्या, सगुणाबाईने त्या पोराचे मुके घेऊन त्याला रडवलं असतं. मी खिडकीतून हात काढून हाका मारल्या, पण इंजिनाच्या आवाजात त्या कुणाला ऐकू जाणार? गाडी थांबणार नव्हती. थांबवा असं मी तेव्हा लिहिलं नव्हतं.

मान मोडेपर्यंत मी मागे पाहत राहिलो. ते पाणी खारं होतं, मला ठाऊक आहे. आणि पुंजाजीने ओंजळ रिकामी करून पुन्हा पुढे धरली होती.